ओल्या घडीची ऊब

लाँड्रीत चादरी वाळवून इस्त्री करणाऱ्या तापल्या रोलरपाशी उभं राहायला कुणी तयार नसायचं. तिथे झळ अशी लागायची की बाकीच्या बाया जरा वेळ थांबल्या की तोंड धुवायला पळायच्या. दोघी बहिणींतली थोरली मात्र ती जागा कुणाला देत नव्हती. मुकादम नव्या बायांना तिच्याकडे बोट करून सांगायचा, "कामाची हौस अशी पाहिजे." हौस कसली डोंबलाची. तिला ती झळ पोटाला हवी असायची.

दुखण्याचं नाव लांबलचक होतं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर भलतीकडेच उगवतं आणि आतडीबितडी एकमेकांना चिकटवून टाकतं, असं डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून सांगितलं होतं. धाकटी ते चित्र बघून म्हणाली, "नावच एवढं लांब, म्हणजे ऑपरेशनचा नंबरही लांबच लागणार." तसंच झालं. ओळखीच्या पोरींची लग्नं होऊन त्यांना पोरं झाली, हिचा नंबर काही येईना.

आधी दुखणं महिन्याला यायचं, पाहुण्यासारखं. मग सामानसुमान घेऊन राहायलाच आलं. आई म्हणायची, "बाईच्या जातीला चुकलंय का ते? आम्ही काय कमी सोसलं?" धाकटी उसळायची, "तू सोसलंस म्हणून हिनंही सोसायचं? घराण्याची परंपरा आहे का ही?" आई मग थोरलीच्या डब्यात गुपचूप जास्तीचा घास घालायची.

दोघी बहिणी एकाच लाँड्रीत होत्या. तिथे हॉस्पिटलांचं कापड यायचं. चादरी, उशांचे अभ्रे, आणि ऑपरेशनच्या वेळी अंगावर टाकतात ती हिरवी कापडं, मधोमध खिडकी ठेवलेली. चादरीच्या घडीला दोघी लागतात. टोकं धरायची, ताणायची, जवळ येऊन टोकाला टोक द्यायचं, की परत मागे. जवळ आल्यावर धाकटी हळूच विचारायची, "कसंय?" थोरली भुवई उडवायची. एक उडाली म्हणजे चाललंय. दोन्ही उडाल्या म्हणजे आता खाली बसते. मग धाकटी रोलरमधून निघालेला अभ्रा विटेएवढा घडी करून तिच्या एप्रनखाली सरकवायची. मुकादमाला पत्ता नाही.

एक गोष्ट लाँड्रीतल्या बाईलाच ठाऊक असते. पुरतं वाळलेलं कापड बघता बघता गार होतं. जरा ओलसर राहिलेलं कापड मात्र ऊब सोडत नाही.

शेवटी एकदाची तारीख लागली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या आधीपासून बंद, त्यांच्यामुळे ऑपरेशनात रक्त थांबत नाही. दुसरी हलकी गोळी दिली. हलकीच ती. पोटाला तिची दखलसुद्धा नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रोलरपाशी थोरलीच्या दोन्ही भुवया खाली यायलाच तयार नव्हत्या.

"ओली घडी दे," ती म्हणाली. "कोरडी पुरत नाहीये."

अभ्रे संपले होते. धाकटीनं जाडजूड हिरवं कापड उचललं, अर्धवट वाळलेलं, वाफ निघत असलेलं. "घे. उद्याची तालीम."

थोरली हसली. हसलं की जास्त दुखतं, तरी हसली. एप्रनची नाडी करकचून आवळली आणि दिवसभर घडीमागून घडी बदलत राहिली.

"आज एवढा जोर?" मुकादमानं विचारलं.

"परत आले की उड्या मारत काम करीन, बघाच."

भाजलेलं तिला कळलंच नाही. शेकून शेकून पोटाची कातडी कधीचीच बधिर झाली होती, जाळीजाळीचे तपकिरी डाग पडले होते. आणि आतलं एवढं बोंबलत असताना बाहेरचं ऐकतंय कोण?

सकाळी हॉस्पिटलात नर्सनं गाऊन वर केला आणि ती थांबली. डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. नाभीखाली फोड आले होते, दोन फुटलेले.

"हे काय केलंस?"

"शेकलं."

"नेमकी इथूनच दुर्बीण घालायची होती मला. फुटलेल्या कातडीतून आत जंतू गेले तर जिवावर बेतेल. आज नाही करता येणार."

"मी ओरडणार नाही," थोरली म्हणाली. "करा ना, बाई."

"ओरडायचा प्रश्न नाहीये गं." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. वाईट नव्हती ती बाई. "कातडी भरली की पुन्हा नाव लावू."

"कधीचं?"

"कळवतील."

दारात उभ्या धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. "गोळ्या तुम्हीच बंद केल्यात. मग हिनं काय करायचं होतं, गाणी म्हणायची?"

डॉक्टरीणबाईंनी गाऊन खाली सारला. शेजारच्या ट्रॉलीवर हिरवी कापडं रचली होती. थोरली त्यांच्याकडे बघत पडून राहिली.

बाहेर आल्यावर धाकटीनं भिंतीला लाथ घातली. "मीच दिलं ते."

"मीच मागितलं. आता रडू नकोस, मलाही रडू येईल. मला हसताना दुखतं, रडतानाही दुखतं."

फोड वाळले, खपल्या पडल्या. कुणी काही कळवलं नाही. धाकटी हॉस्पिटलात जाऊन विचारून यायची, त्याच खिडकीतून तेच उत्तर घेऊन परत यायची. मुकादम म्हणाला, "उड्या कुठायत?" थोरलीनं ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग एका दुपारी चादर घडी करताना दोघी जवळ आल्या आणि थोरलीच्या दोन्ही भुवया उडाल्या.

"दे."

"नाही," धाकटी म्हणाली. "पुन्हा फोड आले तर पुन्हा घरी पाठवतील."

"घरी पाठवायला आधी बोलवावं लागतं. कातडी कुणासाठी जपू?"

धाकटीनं एक अभ्रा उचलला, झटकून झटकून कोमट केला आणि मागून बहिणीच्या कमरेत खोचला.

"पाठीला घे. पाठीतून कापत नाहीत."

पाठीला ऊब लागली. दुखणं पुढेच राहिलं. रोलरमधून दुसरी चादर आली. थोरलीनं तिची दोन टोकं उचलली, धाकटीनं समोरची धरली. ताणली, आणि दोघी जवळ आल्या. या वेळी धाकटीनं काही विचारलं नाही.