गढूळ तळ्यातली तबकडी

मित्रांनो, ताटाएवढी, काळ्या-पांढऱ्या रंगाची मी एक जुनी तबकडी आहे. पत्रा कापून मला घडवले आणि मध्ये भोक पाडून दोरी ओवली. समुद्रालगतच्या उथळ, खाऱ्या तळ्यात मला सोडत. मी किती खोलवर दिसते, यावरून पाणी किती नितळ ते कळे. पाणी तपासणाऱ्या बाई मला फार जपत. पुढे विजेवरचे यंत्र आले आणि मी खिळ्याला लटकून धूळ खात राहिले.

मग तो पाऊस झाला. आभाळ फाटल्यासारखा कोसळला. डोंगराची माती, शेतातले खत, शहराच्या गटारांचे पाणी, सगळे ओढ्यातून तळ्यात आले. गाळाने यंत्र बंद पडले. बाईंनी मला घाईघाईने काढले आणि त्या आपल्या थोरल्या बहिणीच्या होडीत बसल्या. ही ताई त्याच तळ्यात दोरांना टांगून शिंपले वाढवायची.

मी पाण्यात उतरले आणि घाबरले. एरवी तळापर्यंत ऊन सोबत असे. आज लगेच काळोख.

"दिसतेय का गं?" ताईने विचारले.

"वीतभर खालीसुद्धा नाही. ताई, यातला एकही शिंपला खायचा नाही. गटाराची घाण त्यांच्या पोटात गेली असणार."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, तुझे भावोजी सकाळीच टोपलीभर घरी घेऊन गेलेत!"

"फोन लाव!"

"टॉवर पडलाय ना पावसात!"

वल्ही अशी चालली की मी होडीत आपटत होते. घरी पोचलो तेव्हा भावोजी सुरीने शिंपले उघडत होते.

"ठेवा ते खाली! कोणी खाल्लं का?" ताई ओरडली.

"आपल्या चिमणीने एक खाल्ला, कच्चाच. नातीपुढे माझं काही चालतं का?"

संध्याकाळी चिमणीला उलट्या सुरू झाल्या, अंग तापले. दवाखान्यात ताई तिच्या उशाशी बसली. बाई बाहेर बाकड्यावर होत्या. मला खाली ठेवायचेही त्यांना भान नव्हते. त्यांच्या तळव्यांचा घाम मला लागत होता. दुसऱ्या दिवशी चिमणीने खायला मागितले, तेव्हा कुठे ताईला रडू फुटले.

डोळे पुसून ती घरोघर गेली. "विकू नका, खाऊ नका."

"तुझ्या बहिणीला पगार आहे. आमचं पोट यावर आहे!" एक शेजारी खेकसला.

"माझंही," ताई म्हणाली आणि तिने आपली टोपली सगळ्यांदेखत खड्ड्यात ओतली. दोरांवरचे उरलेले शिंपले गाळात गुदमरून मेले.

मित्रांनो, तो गाळ अजून बसलेला नाही. वारा सुटला की पुन्हा ढवळतो. पाऊस किती पडावा हे तुमच्या हाती नाही, पण त्याच्या वाटेत काय टाकून ठेवायचे, हे आहे. उतारावरची झाडे राखा. ओढ्यात घाण जाऊ देऊ नका.

आज पुन्हा आभाळ भरून आले आहे. ओढ्यावरच्या पुलाशी कचऱ्याची एक गाडी उभी आहे, मागची फळी उघडते आहे. मला हात नाहीत. तिला कोणीतरी थांबवा हो!