केवड्यातला साप

विरारच्या चंदनसारला राहणाऱ्या मनोरमाबाईंनी एक कादंबरी कॉलेजात असताना वाचली, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या ती पुन्हा वाचत नि पुन्हा रडत. नायक दिग्विजय प्रेयसीसाठी केवडा तोडायला जातो, तिथे त्याला साप डसतो आणि केवड्याचं कणीस छातीशी धरून तो प्राण सोडतो.

अठ्ठ्याण्णव साली त्या कादंबरीवर टीव्ही मालिका निघाली आणि बाईंचं डोकं फिरलं. पुस्तकातला दिग्विजय सावळा, अबोल. हा गोरागोमटा, आणि एकदा सुरू झाला की थांबेचना.

शाळेत त्यांच्याबरोबर शिकवणाऱ्या सांडोरच्या सालोमीबाईंना मात्र तो भारी आवडे. पुस्तक त्यांनी वाचलंच नव्हतं.

"किती गोड बोलतो हो!"

"पुस्तकात तो नुसता 'हं' म्हणतो!" मनोरमाबाई फणकारल्या.

"मग प्रेम आहे हे तिला कळतं कसं?"

"त्या 'हं'वरूनच!"

झालं, बोलणं बंद.

अशातच वसईत एका साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला तो नट आला. सालोमीबाई सहीसाठी गेल्या, मनोरमाबाई जाब विचारायला.

"कादंबरी वाचलीत का तुम्ही?"

"नाही हो. संवाद आयत्या वेळी हातात पडतात. शेवट काय आहे?"

"केवडा तोडताना तुम्हाला साप चावतो."

नटाच्या हातातली कात्री थबकली. "रबराचा?"

"नाग!"

"बाई, मी गांडुळालाही घाबरतो. म्हणजे मी मरतो?"

"फार सुंदर मरता हो," मनोरमाबाईंनी धीर दिला.

पुढे मालिकेत तो प्रसंग आला. दिग्विजयने केवडा आणायला माळ्याला पाठवलं. साप माळ्याला चावला. दिग्विजयचं लग्न धूमधडाक्यात लागलं.

मनोरमाबाईंचे यजमान आत्मारामपंत बाहेरून आले, तर बायको पदराने डोळे पुसत बसलेली.

"कोण गेलं?"

"माळी!"

"कुठला माळी?"

"पुस्तकात नव्हताच हो तो. फुकट मेला बिचारा. मीच तोंड उघडलं त्या नटापाशी!"

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून सालोमीबाईंकडे गेल्या. नायक वाचला म्हणून त्या खुशीत असतील असं वाटलं होतं, तर त्यांचेही डोळे सुजलेले.

"लग्नात कुणी त्याची आठवणसुद्धा काढली नाही," सालोमीबाई म्हणाल्या.

रविवारी दोघी मिळून चर्चमध्ये गेल्या आणि माळ्यासाठी मेणबत्ती लावून आल्या.