तुरटीची गुळणी

विमलच्या जंतू वाढवायच्या प्लेटा पुन्हा कोऱ्या निघाल्या. जालन्याच्या कॉलेजात एमएस्सीचं शेवटचं वर्ष, आणि विषय असा, की दातांवरच्या किटणातले जंतू कोणत्या जंतुनाशकानं मरतात. आता मारायचे म्हटल्यावर आधी ते जिवंत नकोत का? ज्या प्लेटमध्ये औषधाचा थेंबही नव्हता, तिच्यातसुद्धा जंतूंचे जेमतेम चार-दोन ठिपके! औषधाला बिचाऱ्याला कामच उरलं नव्हतं.

"तुझ्या हातातच दोष आहे," अंबेकर सर म्हणाले. "सोमवारी एक तरी प्लेट गच्च उगवलेली दाखव. नाहीतर विषय बदल आणि वर्ष गेलं समज."

वर्ष गेलं समज! जसा काही रुमाल हरवला. घरी वडलांनी आधीच लग्नाचं टुमणं लावलेलं होतं. वर्ष गेलं की शिक्षणच गेलं, हे विमलला पक्कं ठाऊक होतं.

नमुने तिनं पिंपळगाव रेणुकाईहून आणले होते, चतुरामावशीच्या शेजारपाजारच्या बायांचे. "सकाळी दात घासायचे न्हाईत, चूळसुद्धा भरायची न्हाई," असं तिनं बजावलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, मावशीनं तर जरा जास्तच.

गुरुवारी ती एसटीचे धक्के खात परत तिथं गेली. ओसरीवर बाया ओळीनं बसलेल्या, तोंडाला पदर, अगदी चिडीचूप. एरवी एकमेकींना वाक्य पुरं करू न देणाऱ्या बाया! लाजत असतील, असं विमलला मागच्या खेपेलाही वाटलं होतं. तिनं कापसाची काडी काढली, तशी पहिली बाई, तुळजाबाई, लगबगीनं उठून भिंतीआड गेली आणि पचकन थुंकली.

विमल तिच्यामागं धावली. "तोंडात काय होतं?"

"तुरटीचं पाणी, बाई. तुमच्या मावशीनं दिल्तं. मागच्या बारीलाबी दिल्तं की."

विमलच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे साऱ्याजणी तोंडात तुरटी धरून बसल्या होत्या! काडीवर जंतूंच्या जोडीनं तुरटीच येत होती. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच मावशीनं उरकून टाकला होता.

"मावशे, काय केलंस गं हे? घासू नका म्हणलं होतं ना?"

"घासले कुठं? निस्ती गुळणी केली," मावशी म्हणाली. "शिकलेली पोर तोंडात वाकून बघणार, अन् वास आला तं? पारोशा तोंडानं मी चुलीला शिवत न्हाई, मंग तुझ्यापुढं बायांना तसंच बसवू व्हय?"

"तसंच बसवायचं होतं! मला घाणच पाहिजे होती, दोन-दोन दिवसांची!" विमल ओरडली. "वाटोळं केलंस माझ्या वर्षाचं!"

चहाला हात न लावता ती निघाली. मावशी उंबऱ्यात उभी राहिली. बसमध्ये विमलला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

शनिवारी ती प्रयोगशाळेत कोऱ्या प्लेटा धूत होती. सर शेजारीच पेपर चाळत होते. इतक्यात दारात चतुरामावशी उभी, पदराचा बोळा तोंडावर घट्ट दाबलेला.

"आता काय आणलंस?" विमलनं तुसडेपणानं विचारलं.

"जल्दी घे," मावशी पदराआडून पुटपुटली. "तू गेल्यापासून चूळ भरली न्हाई. देवीच्या देवळात गेले न्हाई, चुलीलाबी शिवले न्हाई. सून रांधून राह्यली. एसटीत कुणाशी बोलले न्हाई बाई."

विमलनं हातातली प्लेट खाली ठेवली. मावशीची नजर सरांकडे गेली आणि पदर आणखी आवळला गेला.

"सर, जरा बाहेर जाता का?" विमल म्हणाली. आपला आवाज एवढा चढेल, असं तिलाही वाटलं नव्हतं. सर उठून बाहेर गेले.

मावशीनं पदर खाली घेतला, डोळे गच्च मिटले आणि आ केला. भपकारा आला. विमल मागं सरली नाही.

काडीवरचा नमुना दोन प्लेटांवर पसरून तिनं त्या बरणीत ठेवल्या आणि आत मेणबत्ती पेटवून झाकण लावलं; ती विझली की उरलेल्या हवेत तोंडातले जंतू चांगले वाढतात. सोमवारी बिनऔषधाची प्लेट काठोकाठ उगवली होती. दुसरीत औषधाच्या कागदी चकत्यांभोवती जंतू मेल्याचे लख्ख गोल पडले होते. सरांनी पहिली प्लेट उजेडाला धरली.

"वा! कुणाचा गं हा नमुना? काय घाणेरडं तोंड असेल त्या बाईचं!"

विमलनं प्लेट त्यांच्या हातातून काढूनच घेतली.

"सर," ती म्हणाली, "एवढं स्वच्छ तोंड साऱ्या जिल्ह्यात दुसरं न्हाई."