बोरिल आत येतो

“तिथंच थांब, पोरी! मागं मुडदे लागलेत,” टीव्हीवरची नजर न काढता स्तामेन ओरडला.

झोर्नित्सा दारातच थबकली. एका हातात सोफियाहून आणलेला केक, दुसऱ्या हातात ओली छत्री. खाली अंगणात कुणीतरी लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होतं आणि त्याचा वास जिन्यातून थेट चौथ्या मजल्यापर्यंत चढला होता. आणि सत्तरी ओलांडलेला तिचा बाप नुसत्या बनियनवर, सोफ्याच्या कडेला टेकून, गेमचा रिमोट दोन्ही मुठींत आवळून बसला होता. मागच्या हिवाळ्यात ते खेळाचं यंत्र तिनंच आणून दिलं होतं. त्यात मासे पकडायचा एक शांत खेळ होता. आई गेल्यावर एकटा माणूस, बसल्या जागी वेळ जाईल, एवढाच हेतू.

पण टीव्हीवर मासे नव्हते. काळोखा बोगदा होता, गुडघाभर पाणी होतं, आणि समोर गोल चाक असलेलं लोखंडी दार होतं. तो बोगदा झोर्नित्साला तोंडपाठ होता, कारण तो तिनंच लिहिला होता.

“हा कुठून आणलात तुम्ही?”

“बाजारातून. विकत आणला. दुकानदाराला म्हटलं, शेवटी नावं येतात ना, त्यात माझ्या लेकीचं नाव आहे. तरी सूट दिली नाही त्यानं. कंजूष कुठला.”

“बाबा, मी सांगितलं होतं ना, हा खेळ तुमच्यासाठी नाही म्हणून. सगळा नुसता रक्ताचा चिखल आहे.”

“अख्खी हयात जमिनीखाली काढली मी. मला मुडद्यांची भीती घालतेस होय?”

तिला भीती मुडद्यांची नव्हतीच. तिला भीती त्या दाराची होती. हा खेळ बापाच्या हाती पडू नये म्हणून ती वर्षभर थापा मारत आली होती. आज म्हणे प्रत नाही, उद्या म्हणे तुमच्या यंत्रावर चालत नाही. आणि आता तो त्या दारापासून चार पावलांवर उभा होता.

खेळ असा होता, की शहरात मेलेली माणसं उठतात आणि जिवंत माणसांवर धावून येतात. खेळणाऱ्यानं मूठभर जिवंत लोकांना घेऊन बाहेर पडायचं. पण गोळ्या झाडणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग वेगळाच. औषध एकच असेल तर कुणाला द्यायचं, म्हाताऱ्याला सोबत न्यायचं की मागं ठेवायचं, अशा जागी खेळ थांबतो आणि विचारतो, बोल, काय करतोस? जे कराल त्याप्रमाणे गोष्ट वळते. या गोष्टी रचायचं काम झोर्नित्साचं. तिसऱ्या भागातलं लोखंडी दार तर इतकं गाजलं, की लोक त्यावर आपसांत भांडायचे. बोरिल नावाचा सोबती मागं राहिलेला असतो, मुडदे येत असतात, आणि दार लावायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. हे सुचलं कसं तुला, असं तिला सगळे विचारत. सुचलं, असं ती सांगायची.

सुचलं कसलं! आईला पुरून आले त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बापानं राकिया दारूचा पेला समोर ठेवून ते तिला सांगितलं होतं. आयुष्यात एकदाच. स्तामेन खाणीत पंप मेकॅनिक होता. खालच्या बोगद्यातला पंप बघून यायची त्या दिवशी त्याची पाळी होती. पण दाढ सुजून तोंड भोपळ्याएवढं झालेलं, म्हणून त्याचा दोस्त गांचो म्हणाला, तू बस, मी जाऊन येतो. तो गेला आणि पाणी फुटलं. फोनवर मुकादम किंचाळत होता, दार लाव, वरच्या बोगद्यात माणसं आहेत, दार लाव. स्तामेननं खालच्या बोगद्याचं लोखंडी दार लावलं. वरची सगळी माणसं वाचली.

“मग दारावर धडका ऐकू आल्या,” बाप म्हणाला होता. “गांचोचे हात असतील. नाहीतर पाण्यानं आणलेली लाकडं असतील. मला आजपर्यंत कळलं नाही, झोरे. रोज रात्री एकदा लाकडं वाटतात, एकदा हात.”

हे तिनं उचललं. उचलताना तिला वाटलं, बापाचं ओझं ती जगासमोर मांडते आहे, कुणाला तरी कळेल. असं वाटून घेणं फार सोयीचं असतं. पुढं काम बघणारा वरिष्ठ म्हणाला, दार लावल्यावर नुसता आवाज कशाला, ठोकणारा बोरिलच आहे हे स्पष्ट होऊ दे, म्हणजे खेळणाऱ्याच्या काळजाला घरं पडतील. आणि जो थांबतो, त्याला काहीतरी चांगलं मिळू दे. माणसांना चांगुलपणाचं बक्षीस लागतं. झोर्नित्सानं एका दुपारी, कॉफी पिता पिता, दोन्ही करून टाकलं. दार लावलं तर बोरिल पलीकडून ठोकतो आणि हाका मारतो. दार उघडं ठेवून वाट पाहिली तर बोरिल धापा टाकत आत येतो, आणि सगळेच वाचतात.

“आपण आधी जेवू या का?” ती म्हणाली. “मला सडकून भूक लागली आहे.”

“थांब ग. मी दुसऱ्यांदा आलोय इथं.”

“दुसऱ्यांदा?”

“सकाळी मी दार लावलं.” स्तामेनचा आवाज अगदी साधा होता, काल दूध नासलं असं सांगावं तसा. “मग त्यानं ठोकलं. हाका मारल्या मला. मग मी खेळ मागं नेला. मागं नेता येतं यात, ते एक बरंय.”

झोर्नित्साच्या हातातली छत्री गळून पडली, ती तिनं उचललीही नाही. पडद्यावर अक्षरं उमटली होती. दार लाव. वाट पाहा. लांबून मुडद्यांचं गुरगुरणं वाढत होतं. म्हाताऱ्याचा अंगठा बटणावर होता. खाणीच्या कोळशानं त्याच्या नखांत केलेली काळी रेघ कधीच गेली नव्हती, ती तिला इतक्या लांबूनही दिसली. त्यानं ‘वाट पाहा’ निवडलं.

पाणी चढलं. गुरगुर जवळ आली. आणि काळोखातून एक तरुण धडपडत आला, दारातून आत पडला, आणि हसला. पुढच्या दोन दातांमधली फट दिसली. कान जरा बाहेर आलेले. चित्रकारानं विचारलं होतं, बोरिल दिसतो कसा, तेव्हा झोर्नित्सानं विचार न करता भराभर सांगितलं होतं. इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीतला गांचोचा श्रद्धांजलीचा कागद ती शाळेत जाता-येता बघत मोठी झाली होती. त्याची बायको मित्रा दरवर्षी नवा कागद छापून लावते, फोटो तोच. दुसरा चेहरा तिला ठाऊकच नव्हता.

“आला,” स्तामेन म्हणाला.

 मग रिमोट मांडीवर ठेवून त्यानं तळहातानं तोंड पुसलं.

“एवढंच थांबायचं होतं?”

“बाबा, ते खोटं आहे. मी रचलेलं आहे. खाणीत तुम्ही थांबला असता तर—”

“तू होतीस तिथं?”

“नव्हते.”

“मग तुला काय ठाऊक?”

“म्हणूनच तर सांगते, मला काहीच ठाऊक नाही! लोकांना बरं वाटावं म्हणून त्याला जिवंत आणलं मी. आणि ते ठोकणं… तुम्ही म्हणाला होतात, लाकडंही असतील.”

“म्हणालो होतो.” स्तामेननं पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडं पाहिलं. रागावला असता, रिमोट फेकून मारला असता तर तिला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. “इतकी वर्षं मी ते ठरवलं नाही, पोरी. ठरवायला भीत होतो. तू ठरवून टाकलंस.”

तिला त्याची माफी मागायची होती. पण माफी मागण्याइतकं तोंडही तिच्याकडं उरलं नव्हतं. कॉफी पिता पिता केलेल्या कामाची माफी कुठल्या शब्दांत मागतात?

तेवढ्यात दार न ठोठावता मित्रा आत आली. ही खालच्या मजल्यावरची. हात कोपरापर्यंत लाल, डोक्याला फडकं, पायात मेलेल्या नवऱ्याचे रबरी बूट.

“अहो स्तामेन, मिरच्या भाजून झाल्या की! सोलायला कोण, तुमचा मुकादम येणार का? अगबाई, झोरा आली का! किती वाळलीस ग, सोफियात खायला घालत नाहीत वाटतं.”

दरवर्षी या दिवसांत स्तामेन तिच्यासोबत मिरच्या सोलायला बसतो, कढईतली ल्युतेनित्सा, म्हणजे या मिरच्यांची चटणी, हात दुखेपर्यंत घोटतो, बरण्या भरून तिच्या तळघरात नेऊन रचतो. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र एकही बरणी नसते. मित्रानं दिली तर तो घेत नाही. पोटाला सोसत नाही म्हणतो. खाणीतल्या त्या दाराचं चाक कुणी फिरवलं, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. निदान स्तामेननं तरी नाही.

मित्राची नजर टीव्हीकडं गेली. झोर्नित्सा पुढं सरकली, पण तिच्या अंगानं एवढा मोठा टीव्ही झाकणार कसा? पडद्यावर सगळी मंडळी आता तळघरातल्या आसऱ्याला पोचली होती आणि बोरिल शेकोटीपाशी हात शेकत बसला होता.

“हा कोण ग देखणा?” मित्रानं डोळे बारीक केले. चष्मा खालीच राहिला असणार. “कान बघ मेल्याचे. आमच्या गांचोचे असेच होते. सासूबाई म्हणायच्या, वाऱ्याच्या दिवशी याला बाहेर सोडू नकोस, उडून जाईल.” ती खळखळून हसली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, “काय होतं याचं? मरतो का?”

 खाली अंगणात कुणीतरी मित्राच्या नावानं ओरडलं.

“वाचला,” स्तामेन म्हणाला. मग पडद्याकडं बघतच म्हणाला, “दोस्त थांबला त्याचा. म्हणून वाचला.”

मित्रा दाराच्या चौकटीला टेकून क्षणभर पडद्याकडं बघत राहिली. “बरं झालं,” ती म्हणाली. “तरणाताठा पोरगा.” आणि बूट फटफट वाजवत खाली गेली.

झोर्नित्सा केकचं खोकं उघडून पुन्हा बंद करत राहिली. रडू येत होतं, पण बापासमोर रडणं म्हणजे त्यानंच उठून तिची समजूत घालायची. तेवढं तरी त्याच्या अंगावर टाकायला नको, असं तिला वाटलं.

“झोरे.”

“हं.”

“पुढं याचं काय होतं?”

तिला सगळं ठाऊक होतं. पुढच्या भागात बोरिलच्या दंडावरचा चावा उघडा पडतो. बोगद्यातच चावलेलं असतं त्याला. मग खेळ पुन्हा विचारतो, काय करतोस? आणि काहीही केलं तरी बोरिल सकाळ बघत नाही. त्यावरही लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“काही नाही,” ती म्हणाली. “इथंच संपतो खेळ.”

“संपतो?”

“हो. एवढाच आहे.”

स्तामेननं पडद्यावरच्या बाहेरच्या दाराकडं पाहिलं. उघडायला कुठलं बटण दाबायचं ते तिथं ढळढळीत लिहिलं होतं. आयुष्यभर यंत्रांवरच्या पाट्या वाचून जगलेला माणूस तो. त्यानं ती पाटी वाचली, मग लेकीचं तोंड वाचलं.

“बरं,” तो म्हणाला. रिमोट त्यानं जपून टेबलावर ठेवला, आणि धक्का लागू नये म्हणून भिंतीकडं सरकवला.

अंधार पडेपर्यंत तिघं अंगणात मिरच्या सोलत बसली. मित्रा कुणाच्या तरी लग्नातल्या भांडणाची गोष्ट सांगत होती. स्तामेन योग्य जागी हसत होता. निघताना मित्रानं नेहमीसारखी एक बरणी त्याच्यापुढं धरली, आणि त्यानं नेहमीसारखं पोटावर हात ठेवला.

शेवटच्या बसची वेळ झाली. तो तिची पिशवी घेऊन इमारतीच्या दारापर्यंत आला. गांचोच्या कागदाचा खालचा कोपरा पावसानं सुटून फडफडत होता. त्या कागदाजवळून जाताना बाप नेहमी पायांकडं बघत चालतो, हे झोर्नित्सानं लहानपणापासून पाहिलं होतं. आज तो थांबला. त्यानं अंगठ्यानं तो कोपरा दाबला, सुटला, पुन्हा दाबला, आणि चिकटेपर्यंत धरून ठेवला.

“थांब्यापर्यंत येता का, बाबा?” तिनं विचारलं. दरवेळी तो येत असे. बस सुटेपर्यंत पावसातही उभा राहत असे.

“आज नको, पोरी. तू जा नीट.” त्यानं पिशवी तिच्या हातात दिली. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत टीव्हीचा उजेड हलत होता. बाहेरचं दार कुणी उघडेपर्यंत त्या खेळात सकाळ होत नाही, असं तिनंच लिहून ठेवलं होतं.

“वर तो एकटाच आहे,” स्तामेन म्हणाला, आणि कठड्याला धरून जिना चढू लागला.