भरून आलेला काप

चार वर्षं झाली मला या शाळेच्या मैदानावर. गवत कापायचं, पट्टे आखायचे, पाण्याचा पाईप ओढत फिरायचं, ही कामं कोणीपण करेल. पण झाडावर चढून फांदी उतरवायची तर मीच. चौथीत शाळा सोडली, तोंड फटकळ आहे, राग नाकावर असतो, सगळं मान्य. पण माझ्या करवतीला कोणी नाव ठेवायचं नाही.

मैदानाच्या कडेला एक झाड आहे, चार माणसांच्या कवेत न येणारं. सुट्ट्या लागल्या तसं मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, सोमवारी झाडं तपासणारे साहेब येणार आहेत, त्यांनी धोक्याचं म्हणून लिहिलं तर शाळा उघडायच्या आत झाड पाडायचं.

"बाई, तीन फांद्या वाळल्यात, बाकी झाड लोखंड आहे," मी म्हटलं. "तेवढ्या उतरवतो. तुमच्या नातवंडांची पोरं बसतील त्याच्या सावलीत."

"उतरवा. आणि माळीदादा, साहेबांशी जरा गोड बोला."

शनिवारी सकाळी पट्टा बांधला, दोर टाकला आणि चढलो. फांदी कापायची एक रीत असते. जोडापासून हातभर लांब आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे पडताना ती खोडाची साल सोलत नेत नाही, आणि उरलेला खुंट मग जोडापाशी साफ करायचा. मी डावखुरा. माझा शेवटचा काप खाली उजवीकडं लाकडाचा बोटभर ओठ सोडून जातो. काम शिकवणाऱ्या उस्तादानं त्यापायी मला चिक्कार शिव्या घातल्या, शेवटी तोच दमला. पहिली फांदी धप्पकन खाली गेली. कापावर हात फिरवला, पांढरा आणि गार लागला. खाली आलो, पाणी प्यायलो, दुसरीसाठी परत चढलो, आणि पहिला काप दिसेना.

तिथं एक जुनी गाठ होती. चारी बाजूंनी साल आत वळून आलेली, मधे राखाडी लाकूड, त्यात मुंग्यांचं भोक. अशी गाठ भरायला वीस वर्षं लागतात. खाली उजवीकडं बोटभर ओठ.

म्हटलं, चुकून दुसऱ्या बाजूला आलो असेन. दोराला लटकून खोडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. ताजा काप कुठंच नाही. खाली उतरून बघतो तर फांदी पडलेली, तिचं टोक ओलं, त्यावर माझ्या करवतीचे दात. डोकं फिरलं माझं. तसाच वर गेलो, दुसरी कापली, तिसरी कापली. दोन्हींचं तेच. खाली तीन ताज्या फांद्या, आणि झाडावर तीन म्हाताऱ्या गाठी.

आमच्या वॉचमनला सगळे बोका म्हणतात, दिवसभर डोळे मिटून बसतो म्हणून. त्याला ओढत झाडाखाली आणला.

"त्या गाठी?" तो म्हणाला. "मी लागलो तेव्हापासून आहेत."

"अरे बोक्या, आत्ता तुझ्यासमोर फांद्या पाडल्या ना मी!"

"पाडल्या असशील. कुठनं पाडल्यास ते मला काय माहीत, मी पेपर वाचत होतो. घरी जा, ऊन लागलंय तुला."

रविवारी घरीच होतो. बायकोनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिच्या अंगावर ओरडलो.

सोमवारी साहेब आला. इस्त्रीचा शर्ट, हातात लाकडी हातोडी. खोडावर ठोकत ठोकत फिरला. शनिवारी चढायच्या आधी मी त्याच खोडावर थाप मारून बघितली होती, भरीव होतं. आता आतून रिकाम्या पिंपासारखा आवाज येत होता.

"तीन जुन्या जखमा," तो बाईंना म्हणाला. "वीसेक वर्षांपूर्वी कोणा अडाण्यानं चुकीचा काप घेतलाय. हा ओठ बघा, इथनं पाणी मुरलं. आत सगळं कुजलंय. पाडावं लागेल."

"अडाणी कोणाला म्हणता?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "परवा कापल्यात मी त्या! ह्या काय पडल्यात फांद्या!"

त्यानं एक फांदी बुटानं हलवली. "ह्या दुसऱ्या कुठल्यातरी झाडाच्या आहेत."

"मग उभे राहा इथंच. हलू नका."

बाई नको नको म्हणत होत्या, तरी चढलो. ठणठणीत हिरवी फांदी निवडली. चांगली फांदी मी आयुष्यात कापली नव्हती, पण त्या दिवशी कापली, खालून, वरून, जोडापाशी. ती साहेबाच्या पायापाशी पडली, तो टुणकन मागं उडाला. "आता बघा!" मी वरून ओरडलो.

दोघांनी मान वर केली. साहेबानं डोळ्यावर हात धरून बराच वेळ बघितलं आणि वहीत लिहिलं.

"चार," तो म्हणाला. "ही वरती अडकवून ठेवली होतीत वाटतं."

बाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. "साहेब, मी सही करते, या," म्हणून त्या ऑफिसकडं चालू लागल्या. साहेब म्हणाला, पंपाच्या खोलीमागचं एक झाड बघून येतो.

रागाच्या भरात करवत कमरेला खोचायला गेलो, ती सटकली आणि उजव्या हातावर मनगटापासून वर फाडत गेली. रक्ताची धार लागली, बाही, छाती, सगळा शर्ट भिजला. तसाच दोरावरून उतरलो. म्हटलं, हा तरी ताजा काप आहे, हा दाखवतो त्या शहाण्याला. पंपाच्या खोलीपर्यंत पळत गेलो. मागं गेलो. तो तिथं नव्हता. मग घरी आलो.

बायकोनं मला दारात बघितलं आणि तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "अगं बाई! अहो, बसा, बसा आधी." शर्ट काढला, हात बादलीत धरून धुतला. उलटा केला, सुलटा केला. दुसरा हात बघितला, मग मान, मग पाठ.

"लागलंय कुठं?"

"हे काय, इथं!"

मनगटापासून वर पांढरा, सपाट व्रण होता. ठणकत होता, देवाशपथ ठणकत होता.

"हा जुना आहे," ती म्हणाली. "लग्नात हात हातात घेतला तेव्हापासून बघतेय मी हा."

शर्टातून अजून थेंब गळत होते. तिनं तो उचलून बादलीवर धरला.

"ते साहेब आले होते ना आज?"

"आला होता."

"कुठं आहेत?"

"मला काय माहीत! पंपाच्या खोलीकडं गेला होता."

ती उठली. दाराला आतून कडी लावली. परत येऊन खाली बसली, शर्ट बादलीत दाबला आणि पाण्यात बघतच हळू विचारलं,

"करवत कुठं टाकलीत?"