रोज वापरात

थोकोझानीचा एम.एस्सी.चा प्रबंध चूल बनवणाऱ्या कंपनीबरोबर होता. खेड्यात वाटलेल्या चुलींना तापमापक लावले होते. न्याम्बेआजींची चूल रात्रंदिवस गरम दिसायची. कंपनीच्या म्सिस्कासाहेबांनी तेवढ्यावर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

थोकोझानी गावात जाऊन पाहते, तर चुलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"आजी, मग स्वयंपाक?"

"तीन दगडांवर. न्सिमासाठी मक्याचं घट्ट पीठ घोटायला जोर लावला की तुमची चूल लवंडते. कोंबडीला कुठे घोटायचंय?"

तिने साहेबांना फोन करून सगळं सांगितलं.

"आम्ही चाचणीत पाणी उकळलं, तेव्हा नाही लवंडली!"

"सर, पाणी कोण घोटतं?"

"चूल गरम आहे ना? मग रोज वापरात आहे, असं लिही."

तिने तसंच लिहिलं. कोण वापरतं, तेही लिहिलं.