तीनशे बारा पांढरी बटणं

बटणवाल्या बाईंचं दुकान ऑनलाइन करायचं जावयाने अंगावर घेतलं. बाई नको म्हणाल्या नाहीत, कारण जावयाला नको म्हणायची सोय नसते. कंपनीत तो नेमकं काय करतो, हे लग्नाला सहा वर्षं झाली तरी मुलीलाही सांगता येत नव्हतं.

दोन महिने त्याने नुसता रंग निवडला. दुकानात आला तो एकदाच, तेही खुर्ची पुसून बसायला. बटणांच्या खणांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"जावईबापू, दोन भोकांची आणि चार भोकांची वेगळी कुठे दिसतील?"

"आई, गिऱ्हाइकाला एवढं खोलात जायचं नसतं."

तीस वर्षं भोकांवरून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत आलेल्या बाई चहा सांगायला उठल्या.

ऑनलाइन दुकान एकदाचं उघडलं. वर फोटोत एक गोरीपान बाई हसत होती. तिच्या जाकिटाला चेन होती. खाली लिहिलं होतं, 'पांढरं बटण, गोल'.

पहिली ऑर्डर कुठल्याशा शिंप्याची आली. पांढरं बटण, गोल, नग चाळीस. बाईंकडे पांढरी गोल बटणं तीनशे बारा प्रकारची. त्यांनी शिंप्याला फोन लावला, शर्टाला हवीत की अभ्र्याला ते विचारलं आणि पाच मिनिटांत माल बांधला.

"फोनच करायचा तर ऑनलाइन कशाला?" जावई फुरंगटला.

"तेच मी म्हणते. पासवर्ड सांगा."

पासवर्ड म्हणजे त्याचंच नाव, पुढे एक-दोन-तीन. बाईंना नवल वाटलं नाही.

मग महिनाभर रोज दुपारी मायलेकी एकेक बटण फूटपट्टीशेजारी ठेवून फोटो काढत बसल्या. भोकं किती, रुंदी किती, धुतल्यावर पिवळं पडतं का, सगळं लिहिलं. हसणाऱ्या बाईला घरी पाठवलं.

"तो मनाने वाईट नाही गं," मुलगी एकदा म्हणाली.

"मनाचं कोण बोलतंय? ते बटण सरळ ठेव."

ऑर्डरी येऊ लागल्या, तसा जावई चारचौघांत सांगत सुटला, "सासूबाईंचा धंदा मीच उभा करून दिला." ते ऐकून बाईंच्या नणंदेने आपलं खेळण्यांचं दुकान त्याच्या हवाली केलं. तिला वेळीच सावध करावं म्हणून बाईंनी फोन उचलला. मग मनाशी म्हणाल्या, नणंद आहे, तिचं तिला कळू दे. फोन ठेवला आणि पाकिटं चिकटवायला बसल्या.